उंबरा आणि सुवर्णपदक

आमच्या गावाचे नाव पेठ वडगाव. येथून वाठारला जाऊन महामार्गाला लागले आणि पुण्याच्या दिशेने निघाले, म्हणजे किणीचा टोलनाका, मग वारणेचा पूल, पुढे येडेनिपाणी, कामेरी, आणि त्यानंतर आणखी एक पेठ लागते. ही पेठ वाळवे तालुक्यातली. इस्लामपूर ह्या नावाने आपण ज्या गावाला ओळखत आलो त्याच्या शेजारची. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायचे, पण वाटेत ऊस तोच, माती तीच आणि चहाही तेवढाच गोड. माझ्या वर्गातल्या एका मुलाने गेल्या वर्षी निबंधात लिहिले होते, की मुरलीकांत पेटकर हे आपल्या वडगावचे, कारण ‘पेठ’ आपली आहे. त्याचे दोन गुण मी कापले. परंतु कापताना हात अडखळला, हे कबूल केले पाहिजे. आपल्या शिवारापासून तासाभराच्या वाटेवर भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक जन्माला आले आणि आपल्याला ते पन्नास वर्षे ठाऊक नव्हते. मग त्या पोराने ते चार कोस अलीकडे ओढून घेतले, तर त्यात त्याचा गुन्हा तो काय?

संपादकांनी माझ्याकडे ‘एखाद्या पुस्तकावर टीकालेख’ मागितला होता. मी लिहितो आहे एका चित्रपटावर, आणि तोही हिंदी. वाचकहो, फराळाच्या ताटात चकलीऐवजी भजी आल्यासारखे वाटले तर क्षमा करा. कबीर खान ह्यांचा ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट १४ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला. तो पेटकरांच्या आयुष्यावर बेतलेला आहे. कार्तिक आर्यन ह्यांनी त्यात नायकाचे काम केले आहे. चरित्राला पुस्तकाची बांधणी असो की पडद्याची, चरित्रकाराने काय घेतले आणि काय टाकले हाच टीकाकाराचा प्रश्न असतो. म्हणून माध्यमाचा फारसा बाऊ न करता मी पुढे जातो. सोयीसाठी पडद्यावरच्या माणसाला मी ‘मुरली’ म्हणेन आणि खऱ्या गृहस्थांना ‘पेटकर’. ही दोन माणसे एक नाहीत, आणि ती एक नसणे हा दोषही नव्हे. मात्र ती कुठे आणि का वेगळी होतात, हे पाहण्याजोगे आहे.

पेटकरांच्या आयुष्याची पहिली वीस वर्षे कोणाही पटकथाकाराच्या तोंडाला पाणी सुटावे अशीच आहेत. जन्म १९४४ चा. आपल्या भागातल्या पोरासारखी कुस्तीची ओढ. कोवळ्या वयात गावच्या बड्या घरच्या मुलाला चीत केल्यावर जी बोंब झाली तिच्यापायी गाव सोडावे लागले, आणि पोरगा सैन्याच्या बॉईज बटालियनमध्ये जाऊन पोचला. तेथून ई.एम.ई., म्हणजे सैन्याची यंत्रे दुरुस्त करणारे दल. तेथे कुस्तीची जागा मुष्टियुद्धाने घेतली, आणि १९६४ साली टोकियोला झालेल्या सैनिकी क्रीडास्पर्धेपर्यंत त्याची मजल गेली. चित्रपटाचा हा भाग झपाट्याने जातो. आगगाडीत भेटलेला मित्र, बराकीतले विनोद, विजय राज ह्यांनी रंगवलेला कडक प्रशिक्षक, हे सारे हिंदी पडद्याच्या ठरीव साच्यातले असले तरी कंटाळवाणे नाही. माझी तक्रार एवढीच, की वाळव्याच्या मातीची बोली त्यात कुठेही उतरलेली नाही. चार मराठी शब्द पेरले म्हणजे बोली होत नाही. पण हिंदी चित्रपटाकडून ही अपेक्षा करणे म्हणजे कोल्हापुरी मिसळ मुंबईच्या हॉटेलात मागण्यासारखे आहे. मिळते, पण ती नव्हे.

मग १९६५ चा सप्टेंबर येतो. ह्या ठिकाणची पेटकरांनी मुलाखतींतून सांगितलेली हकीकत अशी, की छावणीत शिट्टी वाजली आणि जवानांना वाटले चहाची वेळ झाली. शिट्टी होती विमानहल्ल्याच्या इशाऱ्याची. चहासाठी बाहेर पडलेली माणसे गोळ्यांच्या पावसात सापडली. अंगात अनेक गोळ्या शिरल्या, त्यातच सैन्याचे वाहन अंगावरून गेले. एक गोळी मणक्यात रुतून राहिली, ती कायमचीच. कंबरेखालचे शरीर गेले, आणि दीर्घकाळ स्मरणशक्तीही गेली.

चहाची शिट्टी! मी कादंबरीकार असून असा तपशील मला कधी सुचला नसता. ज्याने माणसाचे आयुष्य उभे चिरले ते काही शौर्याचे शिखर नव्हते; तो एका शिट्टीचा चुकलेला अर्थ होता. दिग्दर्शकाने हा हल्ला कुठेही न तोडता, एका लांबलचक सलग चित्रणात घेतला आहे. ते काम कसबी आहे, अंगावर काटा आणणारे आहे. तरीही मला वाटत राहिले, की कॅमेरा इतका धावला नसता तर बरे झाले असते. एक माणूस हातात मग घेऊन उभा आहे आणि चहा येत नाही, एवढे चित्र पुरे होते.

चित्रपटाचा सर्वांत चांगला भाग ह्यानंतरचा, इस्पितळातला. मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात पेटकरांवर उपचार झाले, आणि तेथेच पाण्यात उतरण्याचा सल्ला त्यांना मिळाला. राजपाल यादव ह्यांनी रंगवलेला वॉर्डबॉय हा ह्या साऱ्या चित्रपटात मला एकटाच असा भेटला, की जो मुरलीची कीव करीत नाही आणि त्याला उपदेशही करीत नाही. तो खाट सरकवतो, चादर बदलतो, बडबडतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या जगात दिवसातून चार वेळा येणारा हा माणूस किती मोठा असतो, हे ज्यांच्या घरी दीर्घ आजार झाला आहे त्यांना सांगावे लागणार नाही. कार्तिक आर्यन ह्यांचे कामही ह्याच भागात सर्वांत संयत आहे. शरीर कमावण्यासाठी त्यांनी घेतलेल्या श्रमांची खूप वाखाणणी झाली. मला मात्र त्यांचे ते श्रम दिसू नयेत असे वाटत होते, आणि इस्पितळात ते दिसत नाहीत.

आता मतभेदाचा मुद्दा. चित्रपटाचे सारे गाडे एका कल्पनेवर चालते: लोक मुरलीला हसतात, आणि त्या हसण्याला उत्तर देण्यासाठी तो धडपडतो. शाळेत हसले, आखाड्यात हसले, म्हातारपणी पोलीस ठाण्यात गेला तर तेथेही हसले. नावातला ‘चंदू’ तो हाच, चेष्टेचा. कल्पना सोपी आहे आणि प्रेक्षकाला पटकन कळते. कारण आपणा सर्वांनाच कोणी ना कोणी हसलेले असते. परंतु वस्तुतः पांगळ्या माणसाला जग हसते का? माझा अनुभव उलटा आहे. आपल्याकडे अशा माणसाला कोणी तोंडावर हसत नाही. त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात, ‘देवानं फार अन्याय केला हो’ असे त्याच्या देखत त्याच्या आईला म्हणतात, आणि सभेला बोलावून पुढच्या रांगेत बसवतात. पण व्यासपीठाला सहा पायऱ्या ठेवतात. हसणारा निदान तुमच्याकडे पाहत तरी असतो. पेटकरांच्या वाट्याला आला तो उपहास कमी आणि विस्मरण अधिक. विस्मरणाचे चित्र काढणे कठीण असते, हे मी मान्य करतो. म्हणून तर ते काढायला पाहिजे होते.

आता तलावाकडे वळू. १९७२ सालच्या ऑगस्टमध्ये पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे ह्या स्पर्धा झाल्या, २ तारखेपासून ११ तारखेपर्यंत. म्युनिकचे ऑलिंपिक त्यानंतर, त्याच महिन्याच्या अखेरीस सुरू झाले. पुष्कळ लोक दोन्हींची गल्लत करतात. ह्या स्पर्धांची गंगोत्री इंग्लंडात आहे. लुडविग गुटमान नावाच्या डॉक्टरांनी स्टोक मँडेव्हिल येथील इस्पितळात, मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी, १९४८ साली लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. सोळा स्पर्धक होते. १९६० साली रोमला हीच संख्या चारशेच्या घरात गेली. भारत त्यात प्रथम उतरला १९६८ साली तेल अवीवला, दहा खेळाडूंनिशी. पेटकर त्या दहांत होते, टेबलटेनिससाठी. १९७० साली एडिंबरोला राष्ट्रकुलातल्या अपंगांच्या स्पर्धेत त्यांनी पोहण्यात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्यपदक मिळवले. आणि हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाईल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पुरी केली. तो त्या गटातला जागतिक विक्रम होता.

हा आकडा मी वर्गात फळ्यावर लिहिला आणि मुलांना भागाकार करायला लावला. सेकंदाला १.३४ मीटर, म्हणजे तासाला पाच किलोमीटरहून किंचित कमी. बाजारातून पाऊस येण्याच्या आत घरी पोचायचे म्हणून आपण जितक्या भरभर चालू, तेवढा वेग. पुढच्याच महिन्यात म्युनिकला मार्क स्पिट्झने १०० मीटर अंतर ५१.२२ सेकंदांत तोडले, ही दुसरी टोकाची मोजपट्टी. आता वाचकांनी पोहताना पायांचे काय काम असते ते आठवावे. आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला सुका भोपळा किंवा डबा बांधून ‘पाय मार, पाय मार’ असेच ओरडतात. पाय मारले नाहीत तर कंबर खाली जाते, आणि खाली गेलेली कंबर नांगरासारखी ओढत राहते. पेटकरांचे पाय मारणार नव्हते. तो सारा नांगर ओढत दोन खांद्यांनी पाणी कापायचे, आणि तेही धावत येणाऱ्या माणसाच्या नव्हे तर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने का होईना, पण सबंध पन्नास मीटर न थांबता! चित्रपटात ह्या शर्यतीला नगारे, किंचाळणारे प्रेक्षक, भूतकाळाच्या आठवणी, सारे काही आहे. कंबर कशी खाली जाते तेवढेच नाही. नांगर दिसला नाही तर ओढणाऱ्याचे बळ कसे दिसणार?

ह्याहूनही अधिक हळहळ मला एका दुसऱ्या गोष्टीची वाटते. हायडेलबर्गला पेटकर केवळ पोहले नाहीत. दोन प्रकारच्या भालाफेकींत आणि ‘स्लालम’मध्येही त्यांनी अंतिम फेरी गाठली. ह्या स्लालमवर चित्रपट रेंगाळत नाही. आपण जरा रेंगाळू. चाकाच्या खुर्चीची शर्यत म्हटली की आज आपल्या डोळ्यांसमोर येते ती तीन चाकांची लांबोडकी, बाणासारखी गाडी, हातमोजे घालून चाकाच्या कडीवर ठोसे मारणारा खेळाडू आणि गुळगुळीत धावपट्टी. ती फार पुढची गोष्ट. १९७५ साली बॉब हॉल नावाच्या अमेरिकन तरुणाने बोस्टनची मॅरेथॉन चाकाच्या खुर्चीतून तीन तासांच्या आत पुरी केली, तेव्हापासून त्या शर्यतीचे रूप झपाट्याने पालटले. त्याआधीच्या काळातली स्लालम निराळी. त्यात खुर्ची तीच असायची, इस्पितळातली नेहमीची. वाट सरळ नसायची. खांबांमधून वळसे घ्यायचे, फळ्यांच्या उतारावर चढायचे, दुसऱ्या बाजूने तोल सांभाळून उतरायचे, पायरीसारख्या उंचवट्यावर पुढची चाके उचलून न्यायची, मध्येच मागे मागे जायचे. खांबाला धक्का लागला की वेळेत दंड. घड्याळ चालूच.

हे वर्णन प्रथम वाचले तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. ही तर आमच्या वडगावातल्या सकाळची हकीकत! घराचा उंबरा, पुढे गटारावर टाकलेली फरशी, मग भाजीवाल्यांनी अडवलेला रस्ता, बँकेच्या तीन पायऱ्या, एस.टी.चा दरवाजा. जगातल्या सर्व खेळांत एवढा एकच खेळ असा असेल, की ज्यात पदक मिळवण्यासाठी जे करावे लागते तेच जगण्यासाठीही करावे लागते. तलावातले पाणी सर्वांना सारखेच. उंबरा सर्वांना सारखा नसतो. पडद्यावर मला तलावाच्या निम्मा वेळ जरी ही वळणावळणांची वाट दिसली असती, तर मुरली हा माणूस मला अधिक कळला असता.

पैशाचा प्रश्नही असाच चुटपुट लावून जातो. जायचे कसे, तिकीट कोणी काढायचे? पेटकरांच्या परदेशप्रवासाला हात दिला तो विजय मर्चंट ह्यांच्या संस्थेने. मर्चंट म्हणजे आपले क्रिकेटमधले. १९७१ साली निवड समितीच्या अध्यक्षपदावरून आपले निर्णायक मत टाकून अजित वाडेकरांना कर्णधार करणारे तेच. त्या मताची चर्चा आपल्या वडीलधाऱ्यांनी पारावर बसून वर्षानुवर्षे केली. त्याच गृहस्थाने ज्यांचे नाव वर्तमानपत्रात येणार नव्हते अशा अपंगांच्या तिकिटांची सोय केली, हे पारावर कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. कोल्हापूरला ह्या प्रकारची परंपराच आहे म्हणा ना! १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला धाडण्यासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण टाकले होते. सरकार कोठे होते असे विचारू नये; ते नेहमी स्वागताच्या वेळी असते.

खाशाबांचा विषय निघालाच आहे तर चित्रपटाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. लहानगा मुरली खाशाबांचे स्वागत पाहतो आणि त्याच्या मनात ऑलिंपिकचे बी पडते, असे दाखवले आहे. हा धागा अगदी अचूक निवडलेला आहे. कऱ्हाड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत निघालेली ती शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक आमच्या आजोबांच्या पिढीने जन्मभर सांगितली. परंतु तोच धागा पुढे ओढला असता तर केवढे निघाले असते! मिरवणूक संपल्यावर खाशाबा पोलिसात नोकरीला लागले. १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर, घरच्यांच्या हाती. बैलगाड्या पाहणाऱ्या मुलाला पुढे आपलेही तसेच व्हायचे आहे हे ठाऊक नव्हते. प्रेक्षकाला ते ठाऊक करून देता आले असते. आनंदाच्या दृश्यात दुःखाचे बी पेरून ठेवणे ही तर कथाकाराची जुनीच युक्ती आहे.

आता ज्या प्रश्नामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याच्याकडे येतो. शाळेत एकदा हा चित्रपट दाखवला. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, चाकाच्या खुर्चीतून येणारी. तिचे वडील मोटारसायकलवर तिला पुढे बसवून आणतात आणि खुर्ची मागून भाऊ आणतो. चित्रपट संपला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी डोळे पुसले. तिने हात वर केला. मला वाटले, आता ही काहीतरी हृद्य बोलणार, आणि एका मास्तराच्या मनात येतात तसले नाही नाही ते भाव माझ्या मनात जमू लागले. ती म्हणाली,

“सर, त्यांच्या घराला उंबरा होता का?”

मुले हसली. मी हसलो नाही, पण उत्तरही दिले नाही. कारण अडीच तासांच्या आतबाहेरच्या त्या चित्रपटात उत्तर नव्हते. त्यात १९७२ चे पदक आहे आणि पन्नाशीच्या पलीकडे गेलेल्या, नव्हे सत्तरी ओलांडलेल्या मुरलीची पोलीस ठाण्यातली फिर्याद आहे. श्रेयस तळपदे ह्यांचा इन्स्पेक्टर ती ऐकतो. मधली पंचेचाळीस वर्षे जवळजवळ कोरी. त्या वर्षांत पेटकर काय करीत होते? पुण्याला टेल्कोच्या कारखान्यात नोकरी करीत होते. मदतीचा हात पुढे आला तेव्हा त्यांनी पैसे न मागता काम मागितले, आणि निवृत्तीपर्यंत ते केले. लग्न झाले, संसार झाला, मुले वाढली. रोज सकाळी उठून, खुर्चीत बसून, कामावर वेळेत पोचणे आणि संध्याकाळी परत येणे, असे तीस वर्षे. ३७ सेकंदांचे चित्रण करायला दहा कॅमेरे लावले, तीस वर्षांसाठी एकही उरला नाही. आणि त्या मुलीला हवे होते ते नेमके तीस वर्षांतले. सुवर्णपदक तिला मिळेल न मिळेल. न्हाणीघरात तिला रोज जावे लागते.

येथवर मी दिग्दर्शकाला धारेवर धरले. आता स्वतःकडे वळणे भाग आहे. माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक पांगळा म्हातारा आहे. परीक्षणांतून त्याचे कौतुक झाले. ‘गावाच्या मूक वेदनेचे प्रतीक’ असे कोणी लिहिले, तेव्हा मी ते कात्रण कापून वहीत चिकटवले होते. त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी कादंबरी काढून पुन्हा वाचली. दोनशे चाळीस पानांत तो म्हातारा ओसरीवर बसलेला आहे. तो एकदाही स्वतः दार उघडत नाही. तो ओसरीवर आला कसा, रात्री आत जातो कसा, त्याची धोतरे कोण धुते, ह्याविषयी एक ओळ नाही. तो फक्त पाहतो, सुस्कारे टाकतो आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात वारणेच्या पुरात वाहून जातो, कारण मला शेवट हवा होता. मुरलीला दिग्दर्शकाने निदान हात तरी दिले. मी माझ्या म्हाताऱ्याला तेही दिले नव्हते. आमच्या मराठी कथाकादंबऱ्यांतून आंधळे, लंगडे, मुके ह्यांची काही वाण नाही. पण त्यांतले बहुतेक कोणत्या तरी दुसऱ्या गोष्टीसाठी उभे, म्हणजे बसलेले, असतात. कोणी दैवासाठी, कोणी समाजाच्या निष्ठुरतेसाठी, कोणी नायिकेचा त्याग उजळून निघावा म्हणून. चाकाची खुर्ची आली की आम्ही लेखक तिच्यात अर्थ बसवतो, आणि माणसाला उभे ठेवतो.

‘चंदू चॅम्पियन’ला ह्या बाबतीत अर्धे श्रेय दिले पाहिजे. मुरली प्रतीक नाही. तो भांडतो, खोटे बोलतो, मित्रावर रुसतो, जिंकण्याची हाव धरतो. ही हाव मला फार आवडली. साधुत्व लादलेल्या अपंग पात्रांच्या रांगेत हा एक हावरा पैलवान पाहून बरे वाटले. परंतु उरलेले अर्धे श्रेय पुरस्काराने खाल्ले. साऱ्या कथेची गाठ अर्जुन पुरस्काराशी मारली आहे. वस्तुस्थिती अशी, की १९८२ साली पेटकरांनी त्या पुरस्कारासाठी केलेली मागणी फेटाळली गेली, आणि त्यानंतर त्यांनी पदके बाजूला ठेवून दिली. मागायचेच सोडले. न मागण्याचा हा स्वभाव फिर्याद घेऊन ठाण्यात शिरणाऱ्या मुरलीहून वेगळा आहे, आणि माझ्या मते अधिक धारदार आहे. पुढे २०१८ साली पद्मश्री आली. ते हायडेलबर्गनंतरचे शेहेचाळिसावे वर्ष. त्यांच्यानंतर पॅरालिंपिकमध्ये दुसरे भारतीय सुवर्ण यायला २००४ साल उजाडावे लागले होते, देवेंद्र झाझरिया ह्यांच्या भाल्याने. ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक सुवर्ण तर त्याहूनही पुढचे, २००८ चे.

आणि अर्जुन? तो आला चित्रपटानंतर. १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपतिभवनात. ऐंशी वर्षांच्या पेटकरांना जीवनगौरवाचा अर्जुन मिळाला त्याच समारंभात आणखी दोन नावे आमच्या मुलुखातली होती. एक राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे, पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवून खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणणारे. दुसरे आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी, पॅरिसच्याच पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवणारे. दोघांना त्याच मोसमात पुरस्कार, तिसऱ्याला बावन्न वर्षांनी. चित्रपटाने ही दिरंगाई लोकांच्या नजरेला आणून दिली, एवढे मोठे काम त्याच्या खात्यावर जमा आहे, आणि टीकाकाराने कितीही नाक मुरडले तरी ते पुसता येत नाही.

शाळेचे पहिले सत्र संपायच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मुलगी मैदानात आली. किल्ल्यासाठी पोरांनी आणलेल्या विटांतल्या दहाबारा तिने मैत्रिणींकरवी दोन दोन हातांवर मांडून घेतल्या होत्या. मैदानाच्या कडेला एक फळी कलती टाकली होती. मी वर्गात स्लालमचे वर्णन केले होते ते तिने ध्यानात ठेवले होते. तिने माझ्याकडे मोबाईलवरचे घड्याळ लावायला सांगितले. पहिल्या खेपेला दोन विटा पडल्या आणि फळीवर मागचे चाक घसरले. भाऊ धावत निघाला, त्याला तिने हातानेच थांबवले. एक मिनिट अठ्ठावीस सेकंद. दंड किती धरायचा ते ठरले नव्हते. मी म्हटले, विटेमागे पाच सेकंद. ती म्हणाली, “सर, तीन धरा. वीट सारखी बसलीच नव्हती.” ह्यावर वाद चालू असतानाच घंटा झाली, आणि पोरे विटा उचलून किल्ल्याकडे न्यायला लागली.